मऊ की कडक

पेडल कसं लागतं, मऊ की कडक?
हे इरिसबेकने मला विचारलं तिसऱ्या दिवशी.
पहिले दोन दिवस तो गाडीलाच विचारत होता.

मागची दोन्ही चाकं काढली,
ड्रम हातोडीने ठोकून सैल केले,
लायनरची जाडी अंगठ्याच्या नखाने मोजली.
मास्टर सिलिंडर उघडला, पुसला, होता तसा बसवला.
मग हात झटकत म्हणाला, जा, बघून ये.
बघून आले.
थांबायचं होतं पोस्टाच्या पायरीशी,
थांबले शाळेच्या कुंपणाला बोट लावून.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला.

अकरा वर्षं मी ही गाझ सूसामीरहून दूध भरून
घाटापलीकडे उतरवते आहे.
माझ्या आधी हिच्यावर चार ड्रायव्हर होऊन गेले.
पेडलचं रबर झिजलंय ते मात्र माझ्या टाचेच्या मापाने.

कडक, मी म्हणाले. भिंतीवर पाय ठेवल्यासारखं.
सीटवरून उठून सगळं वजन टाकलं
तरी गाडी विचार करत करत थांबते.
आणि दाबताना एक आवाज येतो खालून,
कढत चहाने जीभ पोळली की
माणूस दातांतून हवा ओढतो ना, तसा.

हे आधी नाही सांगितलंस, बुरुल?

तू बॉनेटमध्ये वाकला होतास.
मला तुझी पाठ दिसत होती.

तो काही बोलला नाही. पाना खाली ठेवला.
इंजिन बंद कर, म्हणाला. पाच-सहा वेळा दाब.
आता पाय तसाच ठेव आणि स्टार्ट कर.
इंजिन धडधडलं.
पायाखाली काहीच हललं नाही.
खाली जायला हवं होतं, तो म्हणाला,
थोडंसं, आपलं आपण. बूस्टर ओढतोय कुठे?

बूस्टर शाबूत होता.
इंजिनापासून त्याच्याकडे जाणारी नळी
वरून बघितली तर धड, वाकवली की
वाळलेल्या ओठासारखी उकलायची.
तशी नळी गावात कुठेच नव्हती.
मग मी घरी गेले आणि
दूध काढायच्या बंद पडलेल्या मशीनची नळी कापून आणली.
जाड, काळी, हवा ओढण्यासाठीच जन्मलेली.
इरिसबेकने ती हातात घेऊन दाबली, हुंगली,
म्हणाला, गाईचा वास येतो,
आणि दोन पट्ट्यांनी आवळून टाकली.

एवढ्यावर भागलं असतं.
पण मी म्हणाले, डावीकडेही ओढते.
या वेळी तो लगेच वळला.
पुढचं उजवं चाक कुणी काढलंच नव्हतं.
आत सिलिंडर कधीपासून ठिबकत होता,
लायनर तेलात भिजून काळे, गुळगुळीत,
आणि ड्रममध्ये जुन्या लाल तेलाचा,
एरंडेलाचा, वास.

संध्याकाळभर एअर काढली.
त्याचा भाचा काचेची बरणी धरून,
तो स्वतः गाडीखाली पाठीवर, मी वर.
दाब. धरून ठेव. सोड.
आधी सगळ्यात लांबचं चाक.
दाब.
बरणीत बुडबुडे येतात का ते मला दिसत नव्हतं.
धरून ठेव.
पोटरीत गोळा आला तेव्हा
भाचा ओरडला, आता नुसतं तेल!

दुसऱ्या दिवशी बोगदा ओलांडून उतरताना
चौथ्या वळणावर मेंढ्या.
रस्ताभर मेंढ्या, आणि घोड्यावर एक पोरगा
माझ्याकडे न बघता लगाम चावणाऱ्या घोड्याशी भांडत.
मी पाय ठेवला. ठेवलाच फक्त.
मागे कॅनमधलं दूध एकदा पुढे आलं,
झाकणांना लागलं, मागे गेलं.
काचेपलीकडे हातभरावर एक मेंढी
रस्त्यावर सांडलेलं मीठ चाटत होती.
तिचं होईस्तोवर मी थांबून राहिले.

अजून जराशी ओढते डावीकडे.
नवे लायनर बसायला वेळ लागतो म्हणे.
तरी परतल्यावर सांगणार आहे,
त्याने विचारायच्या आधी.