दोन तासांचं पाणी

भरती चढली की दोन तास आमचे.
त्याआधी चिखल, त्यानंतरही चिखल.
मधल्या पाण्यावर माझा सगळा सप्टेंबर चालतो.

मॉरिस नदीकाठी रानभात पिकलाय, डोक्याहून उंच.
होडीची नाळ आत शिरते
तसे दाणे झडतात सदऱ्यात, कानात,
ऑर्फाने बांधून दिलेल्या पावावर.
पुढे पेनिंग्टन साहेब, फिलाडेल्फियाचे दातांचे डॉक्टर,
गुडघे सैल सोडून उभे, मी शिकवलं तसे.
मागे मी आणि चौदा फुटी वासा.
बाप म्हणायचा, वासा रेटायचा नसतो,
त्याच्यावरून हातांनी चालत जायचं असतं.
चाळीस वर्षं चालतोय. पोचलो कुठे नाही.

सोरा उठते ती उडायचं मनात नसल्यासारखी,
पाय लोंबकळत,
कुणी बखोटीला धरून उचलावं तशी.
"उजवीकडे!" मी ओरडतो.
बार. थोडी पिसं. पुन्हा गवत.

मारणं साहेबांचं काम.
कुठे पडली हे ध्यानात ठेवणं माझं:
मोडकी काडी, तिच्यामागे झुकलेलं कणीस,
तिथून दोन हात डावीकडे.
अशा तीन-तीन जागा एकदम धरून ठेवतो डोक्यात.
ऑर्फाचा वाढदिवस तेवढा राहत नाही.

आणि हीच सोरा, जिला खाडी ओलांडताना धाप लागते,
पहिलं दंव पडलं की रातोरात निघून जाते,
समुद्रापलीकडे, म्हणतात.
मला पटत नाही.
पण दर ऑक्टोबरात एका सकाळी
वासा पाण्यावर आपटला तरी
दलदलीतून कुणी ओ देत नाही.

आज तेविसावी पडली. मी जागेवर गेलो.
पाण्याखाली देठ पायांनी घट्ट धरून बसली होती,
वर फक्त चोच,
भाताच्या दाण्याएवढी पिवळी.
आणि त्या चोचीशी पाणी किंचित हलत होतं.

"सापडत नाही," मी म्हणालो.

दयाबिया काही नाही.
पाणी वाशाच्या तिसऱ्या खुणेखाली उतरलं होतं,
खांदा भरून आला होता,
आणि एकदा होडी रुतली की रात्र तिथेच.
साहेबांनी वहीत लिहिलं: हरवली, एक.
धक्क्यावर मला डॉलर नेहमीइतकेच दिले.

आता तिकडे नुसता चिखल असेल.
तिचं काय झालं असेल, मला माहीत आहे;
पाणकोल्हे रात्रीचेच निघतात.
तरी दिवा मालवल्यावर
मोडकी काडी,
झुकलेलं कणीस,
दोन हात डावीकडे.