दहा गुणांचा प्रश्न

बिश्केकमध्ये मे महिना. खिडकीबाहेर पॉपलरचा कापूस उडतोय,
आणि टेबलावर पशुवैद्यकच्या चौथ्या वर्षाच्या
त्रेसष्ट उत्तरपत्रिका.
प्रश्न सहावा: गर्भाशयाच्या तोंडाशी जुळी कोकरं
एकमेकांत अडकली आहेत. काय कराल ते सविस्तर लिहा.
गुण दहा.

सगळ्यांनी सविस्तर लिहिलंय.
आधी हात निर्जंतुक करावेत. मग पाय ओळखावा,
पायावरून खांदा, खांद्यावरून मान.
एकाला मागे सारावं, दुसऱ्याला पुढे घ्यावं.
सात मुद्दे, त्याच क्रमानं, स्वल्पविरामांसकट.
मी दिलेलं टिपण माझ्याकडेच परत येतंय,
घडीसुद्धा न मोडलेलं.
बरोबरच्या खुणा करत जाते. चूक काय काढणार?

एकेचाळिसावी नाझिक तोक्तोसुनोवाची. अक्षर घाईचं.
‘आधी नखं कापावीत.
अंगठी काढून बुटात ठेवावी. खिशात नको,
वाकल्यावर खिसा रिकामा होतो.
गुडघ्यांखाली पोतं घ्यावं.
हात आत गेला की डोळे मिटावेत,
बाहेर बघण्यासारखं काही नसतं.
कळ आली की मनगट आवळलं जातं. तेव्हा काही करू नये.
थांबावं.
बोटांना मुंग्या येतात, त्या जाईपर्यंत
कुठला पाय कुणाचा ते कळत नाही.
दोन पाय सापडले म्हणून
ते एकाच कोकराचे आहेत असं समजू नये.’
त्यापुढे एक ओळ खोडलेली. गिरवून गिरवून.
मग, ‘वेळ संपला.’

मी पेन ठेवलं.
उजवा हात आपोआप मिटला.

नारिनच्या वरचं कुरण, एप्रिल, दगडांच्या सावलीत जुनं बर्फ.
कंदिलाची काच एका बाजूनं काळी झालेली.
मी वर्गात पहिली होते, पाचापैकी पाच,
मेंढीमागे बसले तर सातही मुद्दे मला पाठ.
मेंढीला एकही नव्हता.
मी धरून ओढला तो पाय भलत्याचाच निघाला.

झुराकान एजे शाळेत किती गेली होती, मी विचारलं नाही.
तिनं मला चुकलीस म्हटलं नाही.
माझं मनगट धरलं, नुसतं धरलं,
कळ येऊन ओसरेपर्यंत.
मग सोडलं.
आता, म्हणाली.

एक उभं राहिलं, धडपडत सडाकडे गेलं.
दुसऱ्याला तिनं आधी गवतानं चोळलं,
मग झग्याच्या टोकानं,
मग चोळणं थांबवलं.
चहात मीठ जास्त झालं होतं. कुणी बोललं नाही.

पुढे मी शिकवायला लागले. टिपण मीच लिहिलं.
त्यात ते मनगट नाही.
‘थांबावं’ हे फळ्यावर कसं लिहायचं?
किती वेळ, असं विचारतील,
आणि मला आकडा सांगता येणार नाही.
शिवाय विभागाच्या बसला दोन वर्षं डिझेल मंजूर नाही;
कुरण आम्ही पडद्यावर दाखवतो,
चाळीस मिनिटांत, दोन्ही कोकरं जिवंत.

म्हणजे नाझिक स्वतःच गेली असणार कुठेतरी,
सुट्टीत, कुणाला न सांगता,
हजेरीपटात जिची नोंद नाही अशा रात्री.

खोडलेल्या ओळीवर बोट फिरवते.
पेन इतकं दाबलंय की पानामागे उठाव आलाय,
उजेडात धरलं तर वाचता येईल.
धरत नाही.

आदर्श उत्तराप्रमाणे तिला सातातले दोन मुद्दे.
गुणांची चौकट तशीच ठेवते.
समासात, लाल शाईनं, बारीक अक्षरात:
कुठल्या कुरणावर?
उद्या दुपारी भेट. नखं मीही कापून येते.

बेचाळिसावी उघडते.
आधी हात निर्जंतुक करावेत.