खांब क्रमांक नऊ

रंकाळ्यात शिरलेली ही जुनी जेटी
आता कुणाचीच नाही.
होड्या गेल्या, तिकिटाची खिडकी गेली,
बगळे तेवढे हजेरी लावतात.
पाडायची ठरलीय. त्याआधी खालून बघून ये म्हणाले,
लाकूड कुठवर कुजलंय, लोखंड किती उरलंय.

वर इलाहीभाई दोर धरून.
एक हिसका : ठीक.
दोन : घावलं.
तीन : ओढ.
अठरा वर्षं आमचं बोलणं एवढंच.

स्कुबा मी मालवणला शिकलो, निळ्या पाण्यात.
तिथं दहा हातांवरचा मासा नावानिशी ओळखायचा.
इथं पाणी म्हणजे पालकाची पातळ भाजी,
बॅटरी लावली तर स्वतःचं कोपर दिसतं,
तेही उपकार केल्यासारखं.
म्हणून इथं मी कायम डोळे मिटूनच उतरलोय.
बोटांनी शोधायचं :
शर्ट, केस, मनगटावरचा गंडा.
मग दोन हिसके,
आणि काठावरची माणसं एकदम गप्प.

आज कुणी बुडालेलं नाही.
आज डोळे उघडे.

पहिला खांब धड. दुसऱ्यात बोट जातं,
चहात राहिलेल्या पावासारखं लाकूड.
तिसऱ्यावर गोगलगायी, इतक्या,
की खांब त्यांनीच धरून ठेवलाय म्हणावं.
पुढं शिंपले, शेवाळाच्या झिपऱ्या.
बोल्टाच्या भोकातून एक वांब मला बघून आत गेली,
भाडेकरूनं दार लावून घ्यावं तशी.
गाळात एक कापशी चप्पल, अंगठा शाबूत.
तिच्यात झिंगे राहतात.

नववा.
याला मी मिटल्या डोळ्यांनीही ओळखतो.
तीन उन्हाळ्यांमागं, बारा वर्षांचा पोरगा,
दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून होता.
सोडवायला वेळ लागला.
वर आल्यावर सांगितलं, वेलीत अडकला होता.

तिथंच, त्याच उंचीवर,
एक चिलापी. जागची हलत नव्हती.
भोवती पिलांचा धुरळा, एकेक जिऱ्याएवढं.
उजेड पडला तसं तिनं तोंड उघडलं
आणि सगळी आत गेली.
एक मागं राहिलं.
ती थांबली.
ते आलं, मग तोंड मिटलं.

माझ्याही दातांत नळी.
श्वास तेवढा येत-जात होता.
बराच वेळ आम्ही समोरासमोर,
दोघांचीही तोंडं भरलेली.

हात दोराकडं कधी गेला कळलं नाही.

"दोन मारलास की रं," इलाहीभाई वाकून विचारतोय,
"काय घावलं?"
नळी काढायला मी जरा उशीरच लावला.

अहवालात लिहिलं :
पाच खांब पुरते गेलेले, सहा निम्मे.
नऊ नंबरचा बघायचा राहिला.
पुन्हा उतरावं लागेल.
तोवर त्याला हात लावू नये.