दोन रिंगा

माझ्या मोबाईलमध्ये सोलापूरची बरीच भांडणं आहेत.
बांधाची, पोटगीची, चेक न वटल्याची,
नव्या पेठेतल्या एका जिन्याची,
जो दोन भाऊ अकरा वर्षं एकमेकांना चढू देत नाहीत.
सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर टाकला की ॲप सांगतं:
टप्पा, पुरावा. पुढील तारीख.
सकाळी दात घासता घासता मी बोर्ड बघते,
नवरा सुताचे भाव बघतो.
चहा होईपर्यंत कुणी बोलत नाही.

नरसव्वा येमूलकडे ॲप नाही.
बटणांचा फोन आहे, रबरबँड लावलेला.
तीनचं बटण दाबून धरलं की मी.
वाचता येत नाही, बॅलन्स मिस्ड कॉलपुरता,
म्हणून सात वर्षांपूर्वी कोर्टाच्या कॅन्टीनमागे
उभ्या उभ्या आमचं ठरलं:
तारखेच्या सकाळी तिचा मिस्ड कॉल.
मी उलटी एक रिंग दिली, तर ये.
दोन दिल्या, तर येऊ नको, पुढं गेलंय.
विडी घरकुलापासूनचं रिक्षाभाडं
आणि हजार विड्यांची मजुरी
दुसऱ्या रिंगेवर वाचते.
ती फोन उचलत नाही. मोजते.
ओकटी. रेंडू.

ज्युनिअर हसतात. मॅडम, व्हॉइस नोट टाका ना,
मुलगा आहे तिला, त्याच्याकडे असेल की टचस्क्रीन.
मुलगा हीच तर केस आहे.
अंबादास, चादरीच्या लूमवर होता.
उजव्या हाताची तीन बोटं.
फोन अंगठ्यानंही चालतो, पण
तो चारचौघांत खिशातून हात काढत नाही.

एकदा तिच्या अर्जाचा फोटो काढला.
ॲपनं आपणहून कागद गोरा केला,
कडा सरळ, सावली गायब,
आणि अंगठ्याशेजारचा तंबाखूचा डाग पुसून टाकला.
मी ‘मूळ चित्र’ दाबलं. डाग परत आला.
कोर्टाला दोन्ही चाललं असतं.

काल मी दुसऱ्याच कोर्टात, उलटतपास चालू,
डगल्याच्या खिशात फोन बरगडीला थरथरला.
बाहेर येऊन पाहिलं.
प्रकरण निकाली. अंशतः मंजूर.
आदेशाची प्रत अद्याप उपलब्ध नाही.
एकोणसाठ तारखा. त्यातल्या एकेचाळीस दोन रिंगांच्या.
बारच्या ग्रुपवर त्याच मिनिटाला कुणीतरी
पार्किंगमध्ये आडव्या लावलेल्या गाडीचा फोटो टाकला होता.

आणि आमच्याकडे निकालाची रिंगच नव्हती.
ठरवताना, तो लागेल
असं दोघींनीही धरलं नव्हतं.

मी फोन लावला. वाजू दिला. एक, दोन,
तीन, पाच. ती उचलेना.
उचलायचं नाही, हे मीच शिकवलेलं.

मग स्कूटी. दुपारचे तीन, त्रेचाळीस अंश,
गरज नसेल तर बाहेर पडू नका, असं फोन सांगत होता,
आणि तोच सांगत होता, उजवीकडे वळा.
घरकुलात सगळी घरं सारखी,
उंबऱ्याउंबऱ्यावर सुपं, सुपासुपात पानं.
नकाशा म्हणाला, तुम्ही पोहोचला आहात.
पोहोचले नव्हते. एका पोरानं नेलं.

ती पान कापत होती. कात्री न थांबवता म्हणाली,
दोनच्या पुढं वाजाय लागला, तवाच भ्याले बाई.
मी फोन पुढं धरला. तिनं हात पदराला पुसले
आणि काचेला न शिवता वाकून पाहिलं,
आडात वाकून बघावं तसं.
मी वाचलं.
अंशतः म्हंजे?
थोडं, म्हटलं. सगळं नाही. थोडं.
अंबादास आतून दारापर्यंत आला होता,
हात खिशात.
थोडं म्हंजे, ती म्हणाली,
किती बोटांचं?

मी स्क्रीन खाली ओढून सोडली.
चक्र फिरलं, फिरत राहिलं.
आदेशाची प्रत अद्याप उपलब्ध नाही.