कल

ड्रॉवर रिकामे करायला मला ठेवलंय.
तिसऱ्या खणात पेन्सिलींचे तुकडे, अंगठ्याच्या पेराएवढे,
एकही फेकलेला नाही त्यानं.
वीटभट्टीवाल्याचा पोर. करपलेली वीटसुद्धा
कुठे ना कुठे पायात खपते, हे अंगातच मुरलेलं.

सेवेरिन क्लिटगोर. नॉरहावनच्या चिकणमातीतला जन्म.
विटांचा वीट येऊन कोपनहेगनला पळाला
आणि मग बेचाळीस वर्षं
विटाच मोजत राहिला.
मोजायचो खरं तर मी.
त्याच्या नकाशांच्या कडेला आकडे माझ्या अक्षरातले:
पूर्वेची भिंत, एकवीस हजार चारशे, पिवळ्या.

अकादमीचं पदक, मग इटलीची शिष्यवृत्ती.
वह्या शाबूत आहेत. सिएनाच्या पानावर तेलाचा डाग,
व्हेरोनातल्या एका कमानीखाली बारीक टिपण:
'इथं सावली बसते. आमच्याकडे उभीच असते.'
परतला तेव्हा ट्रंकेत पाच शतकं होती.
बंदरावरच्या कस्टमवाल्यानं विचारलं, काय आहे?
म्हणाला, कागद.

मग रेल्वे आली, लोण्याचा पैसा आला,
आणि गावागावाला इतिहास हवासा झाला,
तोही पुढच्या वसंताच्या आत.
यानं दिला.
बचत बँकेला फ्लोरेन्सचा चेहरा,
स्टेशनाला पायऱ्यापायऱ्यांचं उंच कपाळ,
पाण्याच्या टाकीला बुरूज, बाण सोडायच्या फटींसकट.
मी विचारलं होतं, पाण्यावर कोण चाल करून येणार?
तो हसला नाही.
रात्री फटी दोन इंचांनी अरुंद केल्या.

ओटिलिए म्हणायची,
टाउन हॉलवर तांब्याचा ड्रॅगन बसवलास,
आपल्या स्वयंपाकघरात मात्र बादली ठेवावी लागते.
बादली अजून तिथंच आहे.

अकादमीतून नवी पोरं आली, स्वच्छ कॉलरची.
एका जेवणात त्यातला एक सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला:
उसनवारी. मेलेल्यांचे कोट.
क्लिटगोरच्या काट्यावर हेरिंगचा तुकडा होता,
तो त्यानं आधी खाल्ला.
मग म्हणाला, बोली तरी कुठं आपण घडवली?
आईच्या तोंडची उचलली,
आणि तिच्यातच पहिलं खोटं बोललो
ते मात्र स्वतःचं.
कुणी काही बोललं नाही. बटाटे आले.

आता टाउन हॉलच्या मनोऱ्याचं.
त्याच्याखाली कधीकाळी ईल माशांचं तळं होतं,
हे नगरपालिकेच्या कुठल्याच कागदात नव्हतं.
तिसऱ्या हिवाळ्यात मनोरा बंदराकडे झुकला,
गलबतांची वाट पाहावी इतका,
डोळ्यांना कळणार नाही इतका.
कळलं दोघांना. त्याला, आणि दोरी मी धरायचो म्हणून मला.

महिन्याचा पहिला रविवार, चर्चच्या घंटेआधी.
दोनशे अकरा पायऱ्या. खिशात पितळी ओळंबा.
त्याच्या वजनानं कोटाचं अस्तर चारदा फाटलं,
ओटिलिएनं चारदा शिवलं,
विचारलं एकदाही नाही.
वर गेल्यावर आम्ही श्वास धरून उभे,
ओळंबा डुलायचा, डुलायचा, थांबायचा.
तो वहीत लिहायचा: 'एक केस.'
कधी 'अर्धा.'
सतरा वर्षं. शेवटची नोंद जानेवारीतली:
'वारा होता. खरं सांगता येत नाही.'

अंत्यविधीला महापौर म्हणाले, किती सरळ आयुष्य.
मी नकळत वर पाहिलं.

कमानी व्हेरोनाच्या, माथा ल्युबेकचा,
ड्रॅगन कुठल्याशा जुन्या पोथीतला.
कल तेवढा त्याचा.

वही शेवटच्या खणात सापडली, ओळंब्याच्या दोरीत गुंडाळलेली.
यादीत मी लिहिलं: पेन्सिलींचे तुकडे, त्रेसष्ट.
वही लिहिली नाही.
उद्या महिन्याचा पहिला रविवार.
माझ्या कोटाचं अस्तर तसं अजून नवं आहे.