ग्राफचा कागद

तीस वर्षं मी चौकटी भरल्या.
चादरीवरचा मोर आधी माझ्या कागदावर,
लाल पेन्सिलीनं, एकेक घर मोजून.
मग पुठ्ठ्याला भोकं, पुठ्ठ्यांची माळ जेकॉर्डच्या डोक्यावर
आणि खाली मल्लेशमचा धोटा.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं बसतो.
एवढंच. मोरबीर नंतर.

पुढं कॉम्प्युटर आला
आणि पेन्सिल कानावरच राहिली.

दिवाळीनंतर स्रवंती आली, भावाची मुलगी.
होटगी रोडला दोन खोल्यांची लॅब,
एक फ्रीज, डोळ्यांखाली काळं.
म्हणाली, पेदनाना, एक डिझाईन बघता का,
नीट बसत नाही.
लॅपटॉप उघडला, तर ग्राफच की!
उभ्या-आडव्या रेषा, मध्ये जाळीची चांदणी.

टॉवेल आहे का, विचारलं.
डीएनए, म्हणाली.
एक लांब धागा, सात हजारांवर अक्षरांचा,
विषाणूच्याच अंगातून काढलेला,
पण माणसाला न शिवणारा, जिवाणूंवर जगणारा.
काट्यानं काटा, मी मनात म्हटलं.
आणि दोनशे आखूड धागे, टाचे घालायला.
अक्षरं चारच. ए-ला टी, जी-ला सी,
दुसऱ्या कुणाशी सोयरीक नाही.
आपल्या पंचांसारखंच, मी म्हटलं.
ती हसली नाही.
तिचं लग्न अजून घरात गाजतंय.

पंच्याण्णव अंशांपर्यंत तापवायचं,
मग रात्रभर हळूहळू निवू द्यायचं,
आपोआप विणलं जातं.
आपोआप!
माग नाही, धोटा नाही, कांडी भरणारी बाई नाही.
चिमूटभर मॅग्नेशियमचं मीठ लागतं, ते मात्र समजलं.
ताण्याला खळ लागतेच.
केवढी होते चांदणी?
चादरीच्या एका सुताच्या जाडीत
दोन हजार शेजारी-शेजारी बसतील.

चांदणीच्या टोकांना आकडे.
विषाणूच्या अंगावर काटे जेवढ्या अंतरावर,
बरोबर तेवढ्याच अंतरावर हे.
काटे आकड्यांत बसले की नळीत हिरवा उजेड.
नाकातला एक थेंब पुरतो.

मी पेन्सिल कानावरून काढली, स्क्रीनला टेकवली.
हा धागा बघ, सात घरं मोकळाच तरंगतोय.
टॉवेलात असा असला तर नखाला अडकतो.
मध्ये एक टाचा घाल.
ती बघत राहिली. मग वहीत लिहून घेतलं.
आठवड्यानं फोन आला, बसली म्हणून.
कशामुळे, ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

गड्ड्याच्या जत्रेनंतर गल्लीभर खोकला.
स्रवंती नळ्या घेऊन दत्तनगरात आली,
आमच्याच ओट्यावर बसली.
विड्या वळणाऱ्या बाया सुपं बाजूला ठेवून रांगेत.
अनसूयाची नळी हिरवी.
तिच्या धाकट्याची हिरवी.
पोरं ओरडायला लागली, जणू बल्बची माळ लावलीय.

मल्लेशमची नळी तशीच. पाण्यासारखी.
पुन्हा केली. तशीच.
काका, तुम्हाला काही नाही, ती म्हणाली,
आणि तेवढ्यात तो खोकला.
आठवड्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी जास्त,
चाळीस वर्षं ऐकतोय मी तो,
मागाच्या आवाजात मिसळलेला.
त्याच्या भुवयांवर कापसाचं पांढरं बसलं होतं.

मग हे काय, त्यानं विचारलं.
ती जाळी सांगितलेलंच पकडते, स्रवंती म्हणाली,
हळू, माझ्याकडे बघत.
धुळीला काटे नसतात.
मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढू या, म्हणाली.
बघू, तो म्हणाला. तीनची पाळी होती.

रात्री मी जुना ग्राफ काढला.
पेन्सिलीला टोक केलं.
पहिलं घर कोणतं भरायचं,
तिथंच अडलो.

जाताना मल्लेशम ती रिकामी नळी मागत होता,
नातीला खेळायला.
स्रवंतीनं दिली नाही.