कडता

बाटलीवर निळ्या शाईनं, हातानं लिहिलंय:
पिंप एकशे बारा. एकोणसाठ पूर्णांक चार टक्के.
वैजयंता म्हणाली, अण्णा, यात पाणी घातलेलं नाही,
पिंपातून निघाली तशी भरली.
मी चष्मा पुसला.
लातूरच्या यार्डात चाळीस वर्षं अडत केली,
"यात काही मिसळलेलं नाही" हे मी
रोज सकाळी साडेनवाला ऐकलंय.

धान्य कोणतं? तर राय.
राई न्हवं, राय. मोहरीचा संबंध नाही.
पोरीनं रुमालाच्या गाठीत मूठभर आणली होती,
बापाला ओळखते.
लांबट दाणा, करडा, जरा हिरवी झाक,
गव्हाच्या घरातली रागीट चुलती असावी तसा.
दाढेखाली धरला. कट्‌ झालं.
वाळलेला आहे, म्हणालो, घेऊ.
थंडीवर येतं म्हणे तिकडं, बर्फ झेलून.
म्हणजे आपल्या शाळूगत. दंवावर जगणारं.

स्टीलचा पेला तिनं परत ठेवायला लावला.
बर्फ काढला तर हात धरला: जीभ बधिर होते.
मग कपाटातले चहाचे ग्लास निघाले,
तोंडाला निमुळते, सोनेरी काठाचे,
तिच्या साखरपुड्यानंतर न वापरलेले.
तळाला दोन बोटं ओतली
आणि वाट बघा म्हणाली. दहा मिनिटं.
माल उतरल्यावर मी एवढी वाट कुणाची बघितली नाही.

तेवढ्यात कदीर आला, अत्तरवाला.
तो पीत नाही. कधीच नाही.
पण नाक असं, की बंद कुपी ओळखतो.
हात पाठीमागं बांधून वाकला,
पोरगं आडात डोकावतं तसा, लांबूनच.
"नाक मत डुबाव. मुँह थोडा खुल्ला रक्खो. बाजू से आव."
मग डोळे मिटले.
दालचिनी. बडीशेप.
गुळाच्या कढईची खरवड.
सुताराच्या दारातला भुसा, पण जळका.
"हमारे धंदे में इसको रूह बोलते,"
म्हणाला, आणि चहा मागितला.

पाणी आता.
मोतीबिंदूच्या औषधाचं ड्रॉपर
सत्यभामानं उकळून दिलं, तोंड वाकडं करून.
ज्या गावाला एका उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं आलं
त्या गावात थेंब मोजायला शिकवावं लागत नाही.
एक. तेलागत रेघा हलल्या.
दोन. काही नाही.
तीन,
आणि ग्लासातून हुरडा आला.
खरंच. कोवळा, हिरवा, आगटीतून काढलेला,
हातावर चोळून फुंकलेला.
मी वैजयंताकडं बघितलं. ती हसली नाही.
तिलाही आला होता.

घोट किती? नमुन्याला गहू घेतो तेवढा.
आधी जिभेच्या शेंड्याला चटका,
मग काळी मिरी, मग कडेनं गोड,
आणि गिळल्यावर छातीत कुणीतरी
सावकाश कंदील खाली सोडतंय असं.
बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

पिंपातली थोडी दरसाल उडून जाते म्हणे.
सहा वर्षं आतून जाळलेल्या लाकडात ठेवायची,
जेवढी कमी होईल तो देवदूतांचा वाटा.
मी म्हणालो, अगं, हा तर कडता!
घट धरूनच भाव काढायचा.
क्विंटलमागं किलो आम्हीही कापायचो,
ओल आहे, माती आहे, म्हणून.
फक्त आमच्यात देवदूत कुणी नव्हते.
ग्लास तसाच हातात राहिला थोडा वेळ.
कदीरनं बशीत चहा ओतला.

वैजयंता गेली. बाटली लोखंडी कपाटात,
लेबलच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ.
किल्ली माझ्याकडं, दुसरी खुंटीवर.
काल उघडून बघितलं:
रेघेच्या खाली, चांगली बोटभर.
स्वयंपाकघरात सत्यभामा भाकरी थापत होती,
आज जरा जास्तच तालात.
"हवेनं गेली असेल," मागं न बघता म्हणाली.
मी वहीत काढलं नाही.
कडता धरला.